गिटारचा रियाज : गाणे कुठे अडते?

तीन वर्षांपूर्वी कोजागरीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी गिटारवर एका जुन्या भावगीताची साथ केली आणि माझ्या भाच्याने ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. दुसऱ्या दिवशी ते ऐकताना माझ्या लक्षात आले, की सी कॉर्डवरून एफ कॉर्डवर, म्हणजे एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर, जाताना गाणे दर वेळी थांबत होते. थांबणे फार मोठे नव्हते, जेमतेम अर्ध्या मात्रेचे असेल. परंतु लोकल ठरावीक सिग्नलला थांबावी तसे ते नेमके त्याच जागी होत होते आणि गाणारी मंडळी बिचारी माझ्यासाठी शब्द ताणून धरत होती. तोपर्यंत मला गिटार शिकू लागून चार वर्षे झाली होती, मी रोज जवळजवळ तासभर बसत असे आणि ‘रोज रियाज करते’ असे चारचौघांत सांगतही असे.

त्या आठवड्यात मी एक हिशेब मांडला. गिटार पिशवीतून काढल्यापासून परत ठेवेपर्यंत मी प्रत्यक्षात काय करते, याची घड्याळ लावून नोंद केली. साठ मिनिटांपैकी सुमारे चाळीस मिनिटे मी मला आधीच येत असलेली सहा गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होते. दहा-बारा मिनिटे पुढचे काय शिकावे हे ठरवण्यासाठी मोबाइलवर धडे पाहण्यात जात होती. उरलेल्या वेळात तारा जुळवणे, पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, शोधणे आणि चहा पिणे. ज्या एफ कॉर्डपाशी मी चार वर्षे अडखळत होते, तिच्या वाट्याला दिवसाकाठी एक मिनिटही येत नव्हते. गाण्यात ती येई, मी अडखळे आणि गाणे पुढे जाई. अशा रीतीने मी अडखळण्याचाच चार वर्षे सराव केला होता आणि तो अगदी पक्का झाला होता.

माझी आत्या शास्त्रीय गायन शिकलेली आहे. तिला हे सांगितले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही. पहाटे खर्ज लावायचा, पलटे घोटायचे, तानेचा एखादा तुकडा हातावर ताल देत पन्नास वेळा म्हणायचा, हे तिच्या पिढीला इतके सवयीचे होते, की रियाजाला बसून कोणी बंदिशच पुन्हा पुन्हा गात राहील ही कल्पनाच तिला गमतीची वाटली. गिटार आपल्याकडे बहुधा गाण्याच्या साथीचे वाद्य म्हणून हातात येते, त्यामुळे वाजवणे आणि रियाज यांतला फरक आपण विसरतो, असे मला तेव्हापासून वाटते. वाजवण्याचा आनंद नाकारण्याचे कारण नाही. फक्त त्याला रियाज म्हणू नये.

मग मी एफ कॉर्डकडे नीट पाहिले. तोवर माझी समजूत अशी, की एफ ही कॉर्डच अवघड आहे. परंतु सावकाश बोटे ठेवली तर ती स्वच्छ वाजत होती. अडचण कॉर्डमध्ये नव्हती, तिथे जाण्याच्या वाटेत होती. सी वाजवताना अनामिका पाचव्या तारेवर (तारा बारीक तारेपासून मोजतात) तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या घरात, असते, मध्यमा चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. पूर्ण एफ वाजवताना तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी पडते, मध्यमा तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला जाते, करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला येते आणि अनामिका? ती पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाच राहते. दोन्ही कॉर्डमध्ये तिची जागा एकच आहे. आणि मी चार वर्षे दर वेळी चारही बोटे हवेत उचलून पुन्हा नव्याने मांडत होते! अनामिका खिळ्यासारखी जागेवर ठेवून बाकीची बोटे तिच्याभोवती फिरवायची हे एकदा कळल्यावर पहिल्याच संध्याकाळी हाताची धावपळ निम्म्यावर आली.

अशा जागेला मी माझ्यापुरते ‘सांधा’ म्हणू लागले. दोन कॉर्डमधला सांधा, कडवे संपून धृपद सुरू होते तिथला सांधा, पिकने वाजवता वाजवता एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाण्याचा सांधा. गाणे अडते ते जवळपास नेहमी सांध्यावर अडते आणि आपण सराव करतो तो मात्र सांध्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. म्हणून माझ्या आजच्या वेळापत्रकाचा कणा एवढाच आहे, की रोज तीन सांधे निवडायचे आणि त्यांवरच मेहनत करायची.

त्याची रीत अशी. एका मिनिटाचा गजर लावून सी–एफ–सी–एफ असा बदल करायचा, प्रत्येक बदलानंतर तारांवरून एकदाच हात फिरवायचा आणि मिनिटात किती स्वच्छ बदल झाले ते मोजायचे. पहिल्या दिवशी माझे अकरा झाले. मिनिटाला साठ बदल म्हणजे सेकंदाला एक, आणि तेवढे साधले की साध्या चालीच्या बहुतेक गाण्यांत हात मागे राहत नाही. मोजण्याआधी दोन-तीन वेळा अतिशय सावकाश बदल करून कोणते बोट उचलायचेच नाही, कोणते घसरत जाईल आणि कोणते सर्वांत आधी पोहोचायला हवे, हे पाहून घ्यावे. सी वरून ए मायनरकडे जाताना तर तर्जनी आणि मध्यमा दोन्ही जागेवरच राहतात, एकटी अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला येते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण तिथेही तिन्ही बोटे उचलतात.

एफबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बहुतेकांची गिटार तिथेच भिंतीला टांगली जाते. आडव्या बोटाची कॉर्ड, जिला सगळे बार कॉर्ड म्हणतात, ती पहिल्या फ्रेटवर सर्वांत जड असते. नटच्या, म्हणजे जिथून तारा सुटतात त्या पट्टीच्या, अगदी जवळ तार दाबायला जास्त जोर लागतो आणि तिथले फ्रेटही रुंद असतात. तीच आकृती पाचव्या फ्रेटवर धरली तर ती ए कॉर्ड होते आणि ती पुष्कळ सोपी जाते. मी आठवडाभर पाचव्या फ्रेटवर सराव केला, मग चौथ्या, मग तिसऱ्या, आणि अशी उतरत उतरत पहिल्या फ्रेटवर आले. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलती ठेवावी, कारण तिथले हाड तारेला नीट दाबते आणि बोटाच्या पेरांच्या घड्यांत तार अडकत नाही. अंगठ्याने चिमटा घेतल्यासारखे आवळण्यापेक्षा हाताचे वजन मागे ओढल्यासारखे वापरले तर अंगठा दुखत नाही. हे मला अंगठा दहा दिवस सुजल्यानंतर कळले. त्या दहा दिवसांत गिटारला हात लावता आला नाही आणि तेव्हापासून माझा नियम असा आहे, की बोटांची टोके चुरचुरली तर चालते, ती तीन-चार आठवड्यांत घट्ट होतात. परंतु मनगट, अंगठ्याचे मूळ किंवा कोपरापर्यंतचा हात दुखू लागला तर त्या क्षणी थांबायचे.

आता लयीविषयी. मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरावीक टोले देणारा लयमापक, कोणत्याही मोबाइलवर फुकट मिळतो आणि बहुतेक शिकणारे तो दोन दिवस वापरून बंद करतात, कारण तो आपली फजिती करतो. मीही केला होता. माझी त्याच्याशी मैत्री झाली ती शेजारच्या तबलावादक काकांमुळे. मी ६० वरून ६४, ६४ वरून ६८ असे आकडे चढवत बसले आहे हे भिंतीपलीकडून ऐकून एक दिवस ते म्हणाले, “ताई, लय वाढवू नका, लय तीच ठेवा आणि दुगुन करा.” म्हणजे मेट्रोनोम ६० वरच ठेवायचा, आधी एका टोल्याला एक स्वर, मग एका टोल्याला दोन, मग चार आणि परत उतरत एकावर यायचे. आकडे वाढवत गेल्यावर हात ताठ होत जातो आणि ते आपल्याला कळत नाही. दुगुन-चौगुन करताना मात्र प्रत्येक फेरीत पुन्हा ठाय, म्हणजे संथ, लयीत उतरावे लागते आणि तिथे सैल हात कसा असतो याची आठवण ताजी होते. चौगुनीतून एकपटीवर उतरताना हात घाईने पुढे पळतो. माझ्या मते चढण्यापेक्षा हे उतरणे अधिक कठीण आहे आणि त्याचाच सराव अधिक व्हावा. आणखी एक युक्ती अशी, की मेट्रोनोम ४० वर ठेवायचा आणि त्याचा टोला चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी मात्रा समजायचा. लय ८० ची होते, पण पहिली आणि तिसरी मात्रा आपली आपल्याला धरावी लागते. पहिल्या दिवशी मी दोन आवर्तनांत टोल्यावर आदळले. आजही थकलेल्या दिवशी आदळते.

उजव्या हाताकडे मी फार उशिरा वळले. माउरो जूलियानी या इटालियन गिटारवादकाने १८१२ साली व्हिएन्नात उजव्या हाताचे १२० धडे प्रसिद्ध केले आणि ते सगळेच्या सगळे केवळ दोन कॉर्डवर, सी आणि जी सेव्हन यांवर, बांधलेले आहेत. मला यातली योजना फार आवडते. डाव्या हाताला जवळजवळ काही काम उरू दिले नाही, की सगळे लक्ष अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका कोणत्या क्रमाने तार छेडतात तिकडे जाते. एका वेळी एकच अडचण समोर ठेवायची, हे तत्त्व त्या धड्यांत इतके उघड आहे, की तुम्ही बोटांऐवजी पिकने वाजवत असलात तरी ते उचलण्यासारखे आहे. मी आठवड्याला तीन धडे घेते. त्या हिशेबाने चाळीस आठवडे लागायला हवेत, मला वर्ष लागले. याउलट इंटरनेटवर सर्वत्र सांगितला जाणारा एक-दोन-तीन-चार बोटांचा व्यायाम, ज्यात प्रत्येक तारेवर लागोपाठ चार फ्रेट दाबत जायचे, तो मी पाच मिनिटांहून अधिक करत नाही. हात गरम करण्यासाठी आणि बोटे तारेपासून किती वर उडतात हे पाहण्यासाठी तो चांगला. पण त्यात संगीत नाही आणि अर्ध्या तासाने मनही तिथे राहत नाही.

त्यापेक्षा मला पलटे बरे वाटतात. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट हा सा धरला तर रे चौथ्या तारेवर मोकळा मिळतो, ग तिथेच दुसऱ्या फ्रेटला आणि म तिसऱ्याला. प तिसऱ्या तारेवर मोकळा, ध दुसऱ्या फ्रेटला. नी दुसऱ्या तारेवर मोकळा आणि तारसप्तकातला सा तिथेच पहिल्या फ्रेटला. सारेग, रेगम, गमप असे पलटे यावर वाजवायचे आणि वाजवता वाजवता तोंडाने म्हणायचे. म्हटल्यामुळे बोट कुठे पडणार हे आधी कानाला कळते आणि नंतर हाताला, आणि माझ्या अनुभवात हा क्रम पाळला की चुका कमी होतात. आत्यापुढे तंबोऱ्याच्या ॲपबरोबर हे वाजवून दाखवले तेव्हा तिने तिसऱ्याच स्वरावर कपाळाला आठी घातली आणि “गंधार चढा आहे,” म्हणाली. तिचे बरोबर होते. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिथला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एक फ्रेट. यावर उपाय नाही, पण कान असा तयार असलेला माणूस घरात असणे हा रियाजाचा मोठा आधार आहे, जरी त्या वेळी तो तसा वाटत नाही.

हे सगळे चाळीस मिनिटांत बसवले आहे, कारण सकाळी पावणेसहा ते साडेसहा एवढाच वेळ घरात शांतता असते. पहिली पाच मिनिटे तारा जुळवणे आणि हात गरम करणे; पाच मिनिटे उजवा हात; बारा मिनिटे तीन सांधे; दहा मिनिटे सध्या बसवत असलेली रचना; शेवटची आठ मिनिटे पलटे किंवा मनाला येईल ते. यांतल्या बारा मिनिटांची वाटणी मी मुद्दाम विचित्र ठेवली आहे. एका सांध्यावर सलग चार मिनिटे न घालवता प्रत्येकी दोन मिनिटे करून तिन्ही सांध्यांची एक फेरी पूर्ण करते आणि मग तशीच दुसरी फेरी करते. शी आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला होता. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता, पण काही दिवसांनी तपासले तेव्हा दुसऱ्या गटाच्या लक्षात अधिक राहिले होते. मला स्वतःला या पद्धतीचा रोज थोडा राग येतो. एखादा बदल जमू लागतो न लागतो तोच गजर होतो आणि दुसरीकडे जावे लागते. परत येते तेव्हा तो पुन्हा बिघडलेला असतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच प्रयत्नात तो बरा येतो, आणि गच्चीवर माणसे बसलेली असताना पहिलाच प्रयत्न उपयोगाचा असतो.

तासांच्या संख्येविषयी आपल्याकडे फार बोलले जाते. प्रावीण्यासाठी लागणाऱ्या दहा हजार तासांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरच्या १९९३ मधील अभ्यासातून पुढे आला. त्याच अभ्यासात हेही नोंदवलेले आहे, की उत्तम विद्यार्थी मर्यादित वेळाच्या बैठका करून मध्ये विश्रांती घेत आणि दुपारी झोपत. ते मात्र कोणी सांगत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला दुपारची झोप मिळत नाही, म्हणून मी आकड्याचाही नाद सोडला.

रचना बसवताना मी शेवटाकडून सुरुवात करते. आधी शेवटची दोन आवर्तने, मग त्याआधीची दोन जोडून, असे मागे मागे जात राहते. आरंभापासून शिकत गेले की पहिल्या ओळी शंभर वेळा वाजतात आणि शेवटच्या पाच वेळा, त्यामुळे वाजवणारा जसजसा पुढे जातो तसतसा ओळखीच्या रस्त्यावरून अनोळखी गल्लीत शिरतो. उलटे शिकले की पुढचा प्रत्येक सूर अधिक ओळखीचा होत जातो. तुकडा निवडताना तो आवर्तनाच्या मधून सुरू करून पुढच्या आवर्तनाच्या मधे संपवायचा, म्हणजे सांधा बरोबर मध्यभागी येतो.

वाद्याची स्थिती हाही वेळापत्रकाचाच भाग आहे, आणि तो पुस्तकांत फारसा येत नाही. माझी पहिली गिटार तारा इतक्या उंच असलेली होती, की बाराव्या फ्रेटपाशी त्यांच्याखालून करंगळीचे टोक सहज जात असे. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथे जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर अंतर पुरे होते. दुरुस्ती करणाऱ्याकडून नटच्या खाचा आणि ब्रिजवरची पट्टी घासून घेतली, ०.०१२ इंचाच्या संचाऐवजी ०.०११ चा, म्हणजे थोड्या बारीक तारांचा, संच लावला, आणि महिनाभर जे जोर लावून होत नव्हते ते आठवड्यात होऊ लागले. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत लाकूड फुगते आणि तारा गंजतात, म्हणून पावसाळ्यात वाद्य सिलिका जेलच्या पुड्या घालून पिशवीत ठेवावे लागते. अडचण अशी, की पिशवीत गेलेली गिटार हातात कमी येते. डोळ्यासमोर स्टँडवर उभी असली तर मी पातेल्यातले दूध तापेपर्यंतही दोन मिनिटे वाजवते. चेन उघडण्याचा मात्र कंटाळा येतो. शेवटी पावसाळ्यात पिशवी कपाटात न ठेवता खुर्चीवरच ठेवते, म्हणजे बसायचे असेल तर ती उचलावीच लागते.

राहिली वही. दोनशे पानी साधी वही आहे आणि रोज तिच्यात फक्त दोन ओळी लिहिते : आज कोणता सांधा, किती लयीत, किती बदल, आणि उद्या कुठून सुरू करायचे. दुसरी ओळ पहिलीपेक्षा अधिक उपयोगी ठरली. सकाळी डोळे चोळत बसल्यावर काय करावे हा प्रश्न उरत नाही आणि मोबाइलवरचे धडे पाहण्याची पळवाट बंद होते. ज्या दिवशी चाळीस मिनिटे मिळत नाहीत त्या दिवशी दहा मिनिटे फक्त सांधे करते, आणि रविवारी वही उघडतच नाही. त्या दिवशी ती जुनी सहा गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत, चुकांसह वाजवते.

यंदाच्या कोजागरीला भाच्याने तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. सी वरून एफ वर जाण्याचा मिनिटाचा आकडा आता बावन्नवर आहे आणि तिथे गाणे थांबले नाही. दुसऱ्या कडव्यात वरची पट्टी घेतल्यावर ए वरून बी मायनरकडे जाताना मात्र गाणाऱ्यांना पुन्हा एकदा शब्द ताणावा लागला. वहीत उद्याची ओळ अशी आहे : ए ते बी मायनर, लय ५०, आधी फक्त तर्जनी.